लाटेवरची पायल आणि भिंतीवरचा बाप

यवतमाळ जिल्ह्यातून समुद्र कुठूनच दिसत नाही. कितीही उंच टेकडीवर चढा, दिसणार ती पऱ्हाटी, तूर, आणि वणीच्या बाजूला गेलात तर कोळशाच्या खाणींनी उपसून टाकलेले मातीचे काळे ढिगारे. अशा जिल्ह्यातल्या पोरीने समुद्राच्या लाटांवर उभं राहून पोट भरावं, ही गोष्ट कोणाला सांगितली तर तो आधी तुमच्या तोंडाचा वास घेईल. पण पायल नगराळेने ते केलं. गंमत बघा, तिचं हे खरं लोकांना थाप वाटायचं, आणि तिने आयुष्यात जी एक मोठी थाप मारली ती मात्र भल्याभल्या शिकलेल्या माणसांनी डोळे झाकून गिळली. ही गोष्ट त्या थापेची आहे. लाटांची थोडीशीच.

पायलचा बाप मारोती वणीच्या बाहेर एका जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आवारातच मजुरांच्या खोल्यांची ओळ, त्यातली शेवटची खोली नगराळ्यांची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कोनाड्यात रेडिओ, आणि दाराबाहेर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत नुसता कापूस. पायलची आई नलू भाजी निवडायला बसली की आधी भाजीतला कापूस निवडायची.

कापसाला आग लागायला विडीची एक ठिणगी पुरे. म्हणून जिनिंगच्या आवारात पाण्याचा मोठा हौद बांधलेला असतो. पायल त्या हौदात पोहायला शिकली. शिकवलं मारोतीने, आणि मारोतीला स्वतःला पोहता येत नव्हतं. पाण्याला तो भारी भ्यायचा. पण पोरगी एक दिवस हौदात पडणारच, तेव्हा तिला आधीच पोहता आलेलं बरं, असा त्याचा हिशोब. पोरीच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून हा काठावर उकिडवा बसायचा. पोरगी मधोमध गेली की ह्याचेच पाय लटपटायचे. "पाय मार वं, पाय मार," असा ओरडायचा, की रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, घरघरीतही ते ऐकू जायचं.

डबा सुटला, दोर सुटला, तशी पायलने दुसरी खोड काढली. आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या, घराहून उंच. फळीचा एक तुटका तुकडा घेऊन ही गंजीवर चढायची आणि त्यावर उभी राहून खाली घसरत यायची. इतर पोट्टे बसून घसरायचे, ही उभी. मुनीम शिव्या देत धावायचा. गुडघे वाकवायचे, हात मोकळे सोडायचे, खालची गंजी कुठे सरकते आहे ते तळव्यांना विचारायचं, हे तिला तेव्हाच उमगलं. पुढे समुद्रावर तिच्या मास्तरांनी विचारलं, "तोल सांभाळायला कुठे शिकलीस?" ती म्हणाली, कापसावर. मास्तर हसले. ते खरं होतं, म्हणून त्यांनी मानलं नाही.

शाळेत तिची एकच जिवाची मैत्रीण, उर्वशी. बंजाऱ्यांची पोर, जवळच्या तांड्यावरून पायी यायची. उर्वशीचा बाप बाबूसिंग शांत माणूस होता. पायल तांड्यावर गेली की तिच्या ओंजळीत न बोलता बोरं ओतायचा आणि निघून जायचा. दोघी अकरावीत होत्या त्या साली कापसाचं जे व्हायचं ते झालं. भाव पडले, बोंडं सडली, आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं. बाबूसिंगने आपल्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फवारणीचं औषध घेतलं. शिदोरी घेऊन गेलेल्या उर्वशीला तो दिसला. जमिनीचा सातबारा थोरल्या भावाच्या नावावर, त्यामुळे सरकारदरबारी बाबूसिंग शेतकरीच ठरला नाही आणि त्याचं मरण सरकारी मदतीला अपात्र निघालं. माणूस मेला हे त्यांना मान्य होतं, कशासाठी मेला ते मान्य नव्हतं. उर्वशी आणि तिची आई तांडा सोडून जिनिंगमध्ये कापूस निवडायला आल्या. मारोतीनेच मुनिमाच्या हातापाया पडून त्यांना शेजारची खोली मिळवून दिली.

एका दुपारी हौदाच्या कठड्यावर बसून उर्वशीने पायलला एक गोष्ट सांगितली. बाबूसिंगने औषध घेण्याआधी पायातल्या चपला काढून धुऱ्यावर नीट ठेवल्या होत्या. नवीन होत्या, खराब होऊ नयेत म्हणून. तोंडं तांड्याकडे केलेली. उर्वशी हाका मारायला धावली तेव्हा तिच्या पायात काहीच नव्हतं, आणि धुऱ्यावर सराटे. तिने बापाच्या चपला पायात घातल्या आणि पळाली.

"तो तिथं तडफडून राह्यला होता, अन् मी त्याच्या चपला घातल्या," ती म्हणाली. "काटे टोचतीन म्हनून. याडीले बी नाही सांगतलं मी हे. तू कोनाले नको सांगू."

याडी म्हणजे तिची आई. पायलने तिचा हात हातात घेतला आणि कोणाला सांगणार नाही म्हणाली. तेव्हा ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं.

पायल पोहण्यात पुढे गेली. यवतमाळ झालं, अमरावती झाली, आणि कॉलेजात असताना खेळाचे सर तिला मालवणकडे समुद्रात पोहायच्या स्पर्धेला घेऊन गेले. नंबर काही आला नाही. पण किनाऱ्यावर दोन-चार परदेशी पोरं फळ्यांवर उभी राहून लाटेवरून येत होती, ती तिने पाहिली आणि तिला कापसाची गंजी आठवली. एकाच्या हातापाया पडून तिने फळी मागून घेतली. पहिल्या लाटेने तिला आपटलं, दुसरीने आपटलं, नंतरच्या एका लाटेवर ती उभी राहिली. सरांनी परतीच्या गाडीसाठी हाका मारमारून घसा बसवला तरी ही पाण्याबाहेर येईना.

पुढचं वर्ष तिने कर्नाटकच्या किनाऱ्यावर एका सर्फिंगच्या शाळेत काढलं. आधी बोर्ड धुवायचं काम, मग पर्यटकांच्या पोरांना पोहायला शिकवायचं, मग लाटेवर उभं राहायला. उजाडताच किनारा रिकामा असताना ती स्वतःसाठी पाण्यात उतरायची. इकडे वणीत मारोती सांगत फिरायचा, "पोरगी समुद्रावर नोकरीले हाय." लोक समजले नौदलात लागली. त्यानेही कोणाचा गैरसमज दूर केला नाही. नलू मात्र फोनवर विचारायची, "पान्यावर उभं राहाचे पैसे कोन देते वं? अन् कायले देते?" मारोतीचा प्रश्न एकच असायचा आणि तो दर फोनला असायचा, "काय वं, पानी कसं हाय?"

"चांगलं हाय बाबा," ती म्हणायची, आणि ह्याचा जीव भांड्यात पडायचा.

त्या काळात यवतमाळचं नाव घेऊन बाहेर वावरणं म्हणजे एक वेगळाच ताप होता. गाव विचारलं की यवतमाळ म्हणायचं, समोरच्याचा आवाज खाली यायचा, आणि मग तो ठरलेला प्रश्न: तुमच्या घरी पण...? पायल म्हणायची, नाही हो, माझे वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत, मजेत आहेत. की लगेच ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. बाप जिवंत ठेवून जणू हिने त्यांची निराशाच केली. मग ते दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळायचे.

चेन्नईजवळच्या स्पर्धेत ती मुलींमध्ये तिसरी आली. पहिल्या दोघींच्या भोवती घोळका होता. दोघींचे आईबाप मोटारी घेऊन आले होते, बोर्ड स्वतःचे होते. पायलचा बोर्ड मागून आणलेला, आणि तिच्याजवळ येऊन कोणी साधं अभिनंदनही म्हटलं नाही. अशा वेळी एक जण आला. क्षितिज त्याचं नाव, पुण्याचा, समुद्रावरचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीसाठी खेळाडू शोधायचं त्याचं काम. मराठी बोलणारा माणूस पाहून तिला केवढं बरं वाटलं. त्याने गाव विचारलं. तिने सांगितलं. त्याचा आवाज खाली आला.

"वडील?" त्याने हळूच विचारलं.

पायलने मान आडवी हलवली.

एवढंच. तोंडाने ती एक शब्द बोलली नाही. ह्यानंतर ती पुष्कळदा स्वतःला सांगायची, की मी खोटं बोललेच नाही, त्याने विचारलं आणि माझी मान हलली. पण मान तिचीच होती. आणि क्षितिजने जवळ बसून, अगदी घरच्या माणसासारखं, "कसं झालं?" असं विचारलं, तेव्हा तिला तोंड उघडावंच लागलं. तिच्याकडे दुसरं मरणच नव्हतं. तिने बाबूसिंगचं दिलं. धुरा दिला, शिदोरी दिली, सराटे दिले. आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून आलेले पाहून, आजवर आपल्यासाठी कोणाचेच भरले नव्हते म्हणून, तिने चपलाही देऊन टाकल्या.

कंपनीने तिला उचलून धरलं. नवा बोर्ड आला, त्यावर कापसाचं फुटलेलं बोंड रंगवलेलं. पोस्टर आलं: "वडिलांच्या चपला ते समुद्राच्या लाटा". बाबूसिंग सरकारला पटला नव्हता. पायलचा मेलेला बाप मात्र कुठलाही दाखला न दाखवता सगळ्यांना पटला. ती पोस्टरसमोरून जाताना खाली बघायची. पण खोटं कशाला बोलायचं, त्या बोर्डवर ती खरोखर चांगली खेळली. पुढच्या स्पर्धेत दुसरी आली, त्याच्या पुढच्या वर्षी पहिली. लाट उचलून घ्यायची तेव्हा सगळं विसरायला व्हायचं, आणि किनाऱ्याला लागताच बोर्डवरचं बोंड दिसायचं. नंतर नंतर ती घरी फोनच करेनाशी झाली. "पानी कसं हाय?" असं बापच फोन करून विचारी, आणि ती काम आहे म्हणून फोन ठेवून देई.

एका पेपरात चार ओळींची बातमी आली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पोरीची, आणि ती वणीपर्यंत पोचली. जिनिंगच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी ती मोठ्याने वाचली. "मारोतराव, तुमी मेले म्हने बाप्पा! आमाले मातीले बी नाही बोलावलं," असं म्हणत लोक हसले. मारोतीही हसला. रात्रपाळी करून आलेला माणूस, त्याने चहा संपवला आणि घरी आला. नलूने फोन लावला.

"तुह्या बापाबद्दल काय छापून राह्यले वं हे?"

"पेपरवाले काहीही लिहितात आई," पायल म्हणाली. "त्यांची चूक हाय."

"तेच म्हनलं मी," नलू म्हणाली. तिने दुसरं काही विचारलं नाही, आणि पायलला तेच सगळ्यात लागलं.

मग क्षितिजच्या डोक्यात फिल्म आली. पायलचं घर, तिची आई, तिचं गाव, सगळं दाखवायचं. पायलने पावसाचं कारण काढलं, आईच्या तब्येतीचं काढलं. क्षितिज भला माणूस, म्हणाला, आईची तब्येत मग आपण नागपूरला दाखवू. तारीख ठरली. निघायच्या आधी पायलने फोन केला आणि जे बोलली ते बोलताना भिंतीकडे तोंड केलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं तरी.

"आई, बाबाले दोन दिवस मुकुटबनले आत्याकडे पाठव ना."

पलीकडे रेचे घरघरत होते.

"बरं," नलू म्हणाली.

गाडी जिनिंगच्या फाटकातून आत आली तेव्हा पायल मागच्या सीटवर होती. खोलीच्या दारात पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून मारोती उभा होता. पायलने दार उघडायला नेलेला हात मागे घेतला. क्षितिज उतरला, तसा मारोती पुढे झाला आणि हात जोडले.

"जयभीम जी. मी पायलचा मोठेबाबा. मारोतीचा मोठा भाऊ."

पायलकडे त्याने पाहिलंही नाही. आत गेल्यावर भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या बरंच खाली, एक तसबीर लावलेली. नगराळ्यांच्या घरात मारोतीचा एकच फोटो होता, लग्नातला, नलूसोबतचा. नलूने आपल्या बाजूचा भाग मागे दुमडला होता. नव्या नवरदेवाच्या खांद्यावर तिची बोटं तेवढी राहून गेली होती. फोटोला झेंडूचा हार होता. खाली नलू बसलेली, कपाळावर टिकली नाही, गळ्यात काळी पोत नाही. पायलने आईला असं कधी पाहिलं नव्हतं. ती चुलीजवळ जाऊन पाणी पिण्याचं निमित्त करून उभी राहिली. नलू मागून आली.

"मुकुटबनले काहून नाही गेले बाबा?" पायलने कसंबसं विचारलं.

"नाही म्हने जाले. म्हने, मरायचंच हाय तं घरीच मरतो, बहिनीच्या घरी कायले मरू?" नलूने पदराने कपाळ पुसलं, पुसायला तिथे काही नव्हतं तरी. "तू नको पाहू माह्याकडे. दोन घंट्याचं काम हाय. मंग लावतो टिकली."

तेवढ्यात शेजारची उर्वशी कपबशा घेऊन आली. नलूच्या कपबशा पुरणार नाहीत म्हणून तिच्या घरच्या आणल्या होत्या. तिने पायलचा गाल चिमटला. "काळी पडली वं तू, पोट्टे," म्हणाली, आणि हसली. शेजारी काय नाटक चाललं आहे ते तिला नलूने सांगितलं होतं. कोणाच्या मरणावरून ते उचललं आहे, हे नलूला स्वतःलाच माहीत नव्हतं.

कॅमेरा लागला. खाटेवर मारोती बसला.

"काका, तुमच्या भावाबद्दल सांगा ना," क्षितिज म्हणाला. "कसे होते मारोतराव?"

मारोतीने घसा खाकरला. फोटोकडे एकदा पाहिलं, ओळख पटवल्यासारखं.

"मारोती ना? सादा मानूस होता जी. कोनाच्या अध्यात ना मध्यात. एक खोड होती, घोरे लय. बायकोले झोपू देत नव्हता." दाराशी नलूने तोंडावर पदर धरला. "पान्याले भेत होता. पोरगी हौदात उतरली का ह्याचे पाय लटलट. पन दोर नाही सोडला त्यानं. पोरगी दूर गेली, लय दूर गेली, तवा बी नाही सोडला." आता तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, फोटोकडेही नाही. खाटेचा सुंभ बोटाने ओढत होता. "अन् एक टाका तुमच्या सिनेमात. पोरीवर त्याचा राग नव्हता. ते टाकाच. राग नव्हता म्हना."

पायलला तिथून उठून जावंसं वाटलं, जमीन फाटून आत घेईल तर बरं असं वाटलं, पण ती बसून राहिली. लाज वाटणं तिला ठाऊक होतं. पोस्टरसमोर वाटायची, फोनवर वाटायची. ती लाज आपण पकडले जाऊ ह्या भीतीची होती. आज पकडणारा कोणीच नव्हता. बापाने स्वतः येऊन तिची थाप खांद्यावर घेतली होती, आणि तिला स्वतःची किळस आली.

"आणि... शेवटचा दिवस?" क्षितिजने डोळे पुसत विचारलं.

"ते नाही सांगता येत मले," मारोती म्हणाला. "मी नव्हतो तिथं."

क्षितिज पायलकडे वळला. उर्वशी चहा घेऊन आत आली होती, एकेकापुढे कप ठेवत होती.

"पायल, मग तूच सांग. ते चपलांचं सांग. बाबा तिथे पडलेले, आणि काटे टोचतील म्हणून तू त्यांच्याच चपला घालून पळालीस ते. त्या चपला अजून आहेत का गं घरात? मिळाल्या तर एक शॉट..."

उर्वशीच्या हातातला कप बशीवर वाजला. तिने तो खाली ठेवला. पायलकडे पाहिलं. रागाने नाही, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग ओढणी डोक्यावर घेतली आणि दारातून निघून गेली.

"बंद करा," पायल म्हणाली.

"काय झालं?"

"हे माझे बाबा आहेत. हेच मारोती. मेले नाहीत." तिने मारोतीकडे बोट केलं. "शेती पण नव्हती आमची कधी. मी खोटं बोलले."

मग नलू उठली, फोटो खिळ्यावरून उतरवला आणि त्याला उलटा करून मांडीवर घेऊन बसली. क्षितिज ओरडला नाही. ओरडला असता तर पायलला सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "मला तेव्हाच सांगायचंस," आणि मग मारोतीपुढे हात जोडून उभा राहिला.

"चा घ्या जी," मारोती म्हणाला. "थंडा होते."

गाडी गेल्यावर तो पायलवर उखडला, तेवढंच. "काहून सांगतलं तू? मी तं मस्त मेलो होतो. दोन घंट्याचं काम होतं, जमून गेलं असतं."

पुढचं थोडक्यात सांगता येतं. कंपनीने हात काढून घेतला, बोर्ड परत मागवला, तिनेही तो दिला. पेपरात काही आलं नाही. आपणही फसलो होतो हे कोणाला छापावंसं वाटत नाही. किनाऱ्यावर मात्र सगळ्यांना कळलं, आणि पुष्कळ दिवस ती पाण्यात शिरली की बाकीच्या मुली बाजूला सरकायच्या. ती मागून आणलेल्या जुन्या बोर्डवर खेळली, कधी चौथी आली, कधी कितवीच नाही. आता ती त्याच शाळेत मुलींना शिकवते. नवी पोर पाण्याला भ्याली तर तिच्या कमरेला दोर बांधते आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळते. कोणी गाव विचारलं तर यवतमाळ सांगते, आणि विचारायच्या आधीच सांगते की बाबा जिवंत आहेत. ते सांगतानाही तिची नजर खाली जाते.

पण हे नंतरचं. त्या दिवशी गाडी गेल्यावर, दुपार कलल्यावर, ती शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. उर्वशीची आई कामावर गेली होती. उर्वशी जमिनीवर बसून सुपात काहीतरी निवडत होती. भिंतीला खिळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत चपलांचा जोड टांगलेला होता. पायलने तो आजवर कितीदा पाहिला होता, आणि कधी पाहिला नव्हता.

"उर्वशी, मी..."

"कितीक लोकायले सांगतलं?"

"लय," पायल म्हणाली.

उर्वशीने मान हलवली. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मी इतक्या वर्षांत कोनाले सांगू नाही शकली. तुह्याशिवाय कोनालेच नाही. याडी विचारते, त्या चपला घरी कशा आल्या, तं मी उठून जातो." तिने आणखी एक खडा काढून टाकला, आणि आता तिचा आवाज अगदी साधा होता. "मले समजत नव्हतं, तुले कसं काय सांगता आलं. आता समजलं. तुहा बाप जिता हाय ना. म्हनून."

पायलने तिच्याजवळ बसायला म्हणून पाऊल उचललं. उर्वशीने सूप उचलून मधे ठेवलं.

"जाय वं आता," ती म्हणाली. "माह्या कपबश्या तेवढ्या आनून दे."

पायल परत आपल्या दाराशी आली. उंबऱ्यापाशी मारोतीच्या चपला पडल्या होत्या, एक उलटी, एक सरळ, नेहमी पडायच्या तशा. आतून त्याचं घोरणं ऐकू येत होतं. कपबशा आतच होत्या, घेऊन लगेच जायला हवं होतं. पण त्या चपला ओलांडून आत पाय टाकायला तिला धीर होईना, आणि ती तिथेच, चपलांच्या बाजूला, बाहेर बसून राहिली.